वाढणाऱ्यांनाही पंगतीला बसव

देवा, माझ्या बापा, आज तुझ्यापाशी सगळ्यांना घेऊन आले आहे.

घरचे आहेत, मंडळीतले आहेत, आणि ज्यांची तोंडंही मी कधी पाहिली नाहीत असे कितीतरी आहेत. कांगोतले आहेत, पॅराग्वेच्या चाको रानातले आहेत, जावा बेटावरचे आहेत, इथिओपियाच्या डोंगरांतले, हॉलंडमधले, कॅनडातल्या गव्हाच्या शेतांवरचे आहेत. त्यांची नावं माझ्या जिभेला वळत नाहीत. मी नुसतं ‘आमचे’ म्हणते, तू एकेकाला ओळखून आत घे.

घे बापा. कुणाला दारात उभं ठेवू नकोस.

मी कोण, हे तुला सांगायला नको. तरी सांगते, कारण सांगताना मला माझं माप कळतं. मी भंडाऱ्याकडची पोर. नर्सिंग शिकायला धमतरीच्या ख्रिश्चन हॉस्पिटलात आले आणि छत्तीसगडचीच होऊन राहिले. आईनं रेव्हरंड टिळकांचे ख्रिस्ती अभंग पदरात बांधून दिले होते. इथं मेनोनाइट मंडळीत आल्यावर हिंदी गीतं शिकले, आणि कळत्या वयात बाप्तिस्मा घेणं म्हणजे काय, वैऱ्यावर हात न उचलणं म्हणजे काय, एकमेकांचे पाय धुणं म्हणजे काय, हे इथल्या म्हाताऱ्या माणसांकडून शिकले. या विश्वासाची माणसं जगभर आहेत, त्यांना ॲनाबॅप्टिस्ट म्हणतात, त्यांची एक जागतिक परिषद आहे, ‘मेनोनाइट वर्ल्ड कॉन्फरन्स’, आणि तिच्या बैठकीत धमतरीच्या माणसालाही बोलता येतं, हे मात्र मला फार उशिरा उमगलं. वर्षानुवर्षं मी समजत होते, आपण एका लहान गावातली लहान मंडळी. बापा, आम्ही लहानच आहोत. पण एकटे नाही.

त्यासाठी तुझे आभार. एकटं न ठेवल्याबद्दल तुझे आभार.

जानेवारी आला आहे. एकवीस तारखेच्या जवळच्या रविवारी आम्ही सगळे, ज्या त्या देशात, एकमेकांसाठी उपासना करतो. दर वर्षी एकेका खंडाची माणसं त्या उपासनेची मांडणी करून पाठवतात, एका वर्षी आफ्रिकेची, एका वर्षी आमच्या आशियाची. आणि त्या दिवशी प्रत्येकानं आपल्या एका दुपारच्या जेवणाची किंमत दानपेटीत घालावी, असं सांगणं असतं. माझ्या जेवणाची किंमत किती असते, प्रभू? भात, वरण, एखादी भाजी. बासेलमधल्या बहिणीच्या जेवणाची किंमत माझ्या कितीतरी दिवसांच्या जेवणाएवढी. पण मागणं एकच आहे. एक जेवण तिचं, एक जेवण माझं. या हिशेबात मी तिच्यापेक्षा कमी भरत नाही. असा हिशेब आमच्या डोक्यात घातलास, तुझे आभार.

तुझे आभार, झुरिकमधल्या त्या संध्याकाळसाठी.

१५२५ सालच्या जानेवारीची एकवीस तारीख. फेलिक्स मान्झच्या घरी मोजकी माणसं जमली होती, घाबरलेली होती, कारण नगरपालांनी त्यांच्या सभा बंद करायला फर्मावलं होतं. जॉर्ज ब्लाउरॉक उठला आणि कॉनराड ग्रेबेलला म्हणाला, मला बाप्तिस्मा दे. ग्रेबेलनं दिला. मग बाकीच्यांनी ब्लाउरॉककडे मागितला, आणि त्यानं त्यांना दिला. किती साधी गोष्ट आहे ही, बापा! कुणी गादीवर बसला नव्हता. कुणी कुणाला नेमलं नव्हतं. ज्यानं आत्ताच मागून घेतलं, त्याच्याचकडे दुसऱ्यानं मागितलं. आमचं सगळं घराणं त्या मागण्यातून उभं राहिलं. मग आम्हालाच मागण्याची लाज का वाटावी?

लाज वाटते, हे खरं. त्याचंच बोलणं आज तुझ्यापाशी आहे.

झुरिकच्या त्या माणसांना मागण्याची किंमत द्यावी लागली. दोन वर्षं सरायच्या आतच, १५२७ च्या ५ जानेवारीला, मान्झला लिम्मात नदीत बुडवलं. १५६९ साली हॉलंडमधल्या आस्पेरनला डर्क विलेम्स तुरुंगातून पळाला, गोठलेलं पाणी ओलांडून पार गेला, आणि मागून धरायला येणारा माणूस बर्फ फुटून पाण्यात पडला तेव्हा मागे फिरला. हात देऊन त्याला वर काढलं. त्यासाठीच धरला गेला आणि जाळला गेला. बापा, मी त्याच्या गोष्टीपाशी आले की गप्प होते. माझ्यात मागे फिरण्याचं बळ नाही. मला पकडायला कुणी धावत नाही, तरी मी कुणासाठी मागे फिरत नाही. ओपीडीच्या रांगेत उभ्या असलेल्या म्हातारीसाठी फिरत नाही, माझ्याशी वर्षभर न बोलणाऱ्या जावेसाठी फिरत नाही.

मला मागे वळव, प्रभू. एवढ्यातेवढ्यासाठी तरी वळव.

तू त्या छळातून वाचलेल्यांना पांगवलंस. कुणी आल्प्सच्या दऱ्यांत लपले, कुणी पोलंडच्या दलदलीत शेती करू लागले, कुणी रशियाच्या गवताळ मैदानात गेले, कुणी समुद्र ओलांडून अमेरिकेत. चारशे वर्षं ते आपापल्या गावात राहिले आणि एकमेकांना जवळजवळ विसरले. मग १९२५ साली ख्रिस्तियान नेफ नावाच्या जर्मन पाळकानं त्यांना बासेलला बोलावलं. ती पहिली जागतिक सभा. त्या खोलीत सारे युरोप-अमेरिकेकडचे गोरेच. आमच्याकडचं कुणी नव्हतं, आफ्रिकेतलं कुणी नव्हतं. पण तुझ्या मनात आम्ही तेव्हाही होतो. होतो ना, बापा? आम्ही तुझ्या मनात नव्हतो असा एकही दिवस मला दाखवता येणार नाही.

पाच वर्षांनी, १९३० साली, दुसरी सभा दांझिगला भरली ती मदतीसाठी. स्टालिनच्या रशियातून जीव घेऊन निघालेल्या भावंडांना कुठं ठेवायचं, हाच विषय. त्यातली काही कुटुंबं पॅराग्वेच्या चाकोत गेली, काटेरी रानात, पाण्याविना. आणि २००९ साली त्याच पॅराग्वेत, असुन्सिओन शहरात, सगळ्या जगाची सभा भरली. दांझिगमध्ये ज्यांच्यासाठी वर्गणी झाली त्यांची नातवंडं आता पाहुण्यांना पाणी देत होती, आणि त्यांच्या बरोबरीनं त्या रानाचे मूळचे रहिवासी, एन्ल्हेत आणि निवाक्ले लोक, यजमान होते. ज्यांना जेवू घातलं, ते जेवू घालायला उभे राहिले. बापा, तू हे असं करतोस. वाढणाऱ्याला कधीतरी पंगतीला बसवतोस आणि पंगतीत बसलेल्याच्या हाती वाढप देतोस.

आमच्याही बाबतीत तू तेच मांडलं आहेस. आम्हीच अजून पानावरून उठत नाही.

ऐक माझं, लांबलचक आहे. आमच्या मंडळीची सुरुवात दुष्काळात झाली. १८९७ साली या मुलखात माणसं भुकेनं मेली तेव्हा अमेरिकेतल्या मेनोनाइट शेतकऱ्यांनी धान्य आणि पैसा पाठवला. १८९९ मध्ये त्यांचे पहिले मिशनरी आले आणि धमतरीला राहिले. तेव्हा धमतरी आणि माझं माहेर एकाच मध्य प्रांतात होतं, सगळ्यांची राजधानी नागपूर. ते स्थिरस्थावर होतात न होतात तोच पुन्हा दुष्काळ. त्यांनी कामं काढली, अन्न वाटलं, अनाथ पोरं उचलून आणली, कुष्ठरोग्यांना घर दिलं, आणि १९१० साली हॉस्पिटल उभं केलं, जिथल्या वॉर्डांत माझं आयुष्य गेलं. त्या अनाथ पोरांतूनच मंडळी झाली. बापा, त्यांच्या हातचं आम्ही खाल्लं आहे. मी ते विसरले तर माझी जीभ झडो.

पण देणाऱ्याचा हात वर राहिला आणि आमचा खाली. मिशननं बालोदगहान हे अख्खं गाव विकत घेतलं, आणि सुवार्ता सांगणारा साहेब त्या गावाचा मालगुजारही झाला. चांगलाच होता तो, कुणाची पिळवणूक केली असं कुणी म्हणत नाही. तरी तोच पाळक, तोच मालक, तोच रोजगार देणारा, तोच शाळेचा हेडमास्तर. आम्ही त्याला ‘साहेब’ म्हणालो आणि त्यानं ऐकून घेतलं. मग आमच्या हाडांतच बसलं की ठरवायचं त्यानं आणि मागायचं आम्ही. आणि मागायचं ते भाऊ म्हणून नाही, हाताखालचे म्हणून. साहेब गेले. त्यांच्या खुर्च्या राहिल्या. आमच्या देशात कितीतरी मंडळ्यांत त्या खुर्च्यांसाठी आता आमचेच गट पडतात, मिशनच्या जमिनींसाठी कोर्टाच्या तारखा पडतात, निवडणुकीच्या आधी जात विचारली जाते आणि नंतर पुन्हा विचारली जाते. ज्यांनी आम्हाला शपथ न घेणं शिकवलं त्यांच्या वारसांना साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागतं. हे मी दुसऱ्यांचं सांगते आहे असं समजू नकोस. मलाही खुर्ची आवडते. बायकांच्या सभेत मी अध्यक्ष असले की माझा आवाज बदलतो. मला ठाऊक आहे. तुलाही आहे.

ही हाव काढून टाक, बापा. हळूच काढ, पण मुळासकट काढ.

आणि ज्यांनी आमच्यातून उभं राहून भार उचलला त्यांच्यासाठी तुझे आभार. आमचे कितीतरी पाळक आधी यवतमाळला आणि मग पुण्याला युनियन बिब्लिकल सेमिनरीत शिकले, मराठी मुलखात भाकरी खाऊन परतले. पी. जे. मलागर यांच्यासारखी आमच्याच मातीतली माणसं बिशप झाली. १९७१ साली आशियातल्या मेनोनाइटांची पहिली परिषद आमच्या याच धमतरीला भरली. विचार कर, बापा, जपान-इंडोनेशियाची माणसं या धानाच्या गावात आली, आणि आम्ही त्यांना वाढलं. पुढं १९९७ च्या जानेवारीत सगळ्या जगाची सभा कोलकात्याला भरली. दुष्काळात ज्या देशाला धान्य धाडलं त्या देशात जग पाहुणं आलं. आम्ही यजमान झालो. एकदा उठून वाढायला लागलं की हात थरथरतो, पण सांडत नाही.

पुन्हा उठव आम्हाला. बसून बसून आमचे पाय जड झाले आहेत.

आता त्यांच्यासाठी मागते, जे या मोठ्या घराचं ठरवतात. पहिली पन्नासएक वर्षं अध्यक्षपद युरोप-अमेरिकेच्याच हाती होतं. १९७३ साली तू इथिओपियाच्या मिलियन बेलेते यांना पुढं बसवलंस. मग इंडोनेशियातून, अर्जेंटिनातून, झिम्बाब्वेतून माणसं घेऊन आलास, मधल्या काळात एका बाईलाही, नॅन्सी हाइसी यांना, तो भार दिलास. २०१२ साली सरचिटणीसपद कोलंबियाच्या सेसार गार्सिया यांच्याकडे गेलं आणि कचेरी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गहून बोगोताला हलली. आज कार्यकारिणीत पाच भूखंडांचे दोन-दोन जण असतात. आफ्रिकेचे दोन, उत्तर अमेरिकेचे दोन. ज्याच्याकडे पैसा जास्त त्याला तिसरी खुर्ची मिळत नाही. वर्गणीही ज्याच्या त्याच्या ऐपतीवर ठरते. आणि निर्णय हात मोजून न करता सगळ्यांचं मन एक होईपर्यंत थांबून करायचा, असा त्यांचा प्रयत्न असतो.

बापा, हे थांबणं किती अवघड आहे! आमची पंधरा जणांची कमिटी शामियान्याच्या भाड्यावर एक होत नाही. तिथं तर स्पॅनिश बोलणारा फ्रेंचवाल्याचं ऐकतो ते दुभाष्याच्या तोंडून; कॅनडातली बाई सकाळी चहा घेऊन कॉम्प्युटरपुढं बसते तेव्हा जकार्तात रात्र झालेली असते आणि वीज गेलेली असते. एक जण म्हणतो, आमच्याकडे लढाई आहे, आधी शांतीचं बोलू. दुसरा म्हणतो, आमच्याकडे भूक आहे. तिसऱ्याच्या देशातली मंडळी दरवर्षी लहान होते आहे, इमारती विकाव्या लागताहेत. तो काहीच बोलत नाही. १९७२ साली जागतिक सभेसाठी ब्राझीलमधल्या कुरितिबाला जायचं की नाही यावर भावाभावांत कडाक्याचा वाद झाला होता, कारण तिथं लष्करी राजवट होती आणि लोकांचे हाल होत होते. काही गेले, काही गेले नाहीत. तुटले मात्र नाहीत. त्यांना कुणी जोडून धरलं? तूच.

दुभाष्यांना शब्द दे. अध्यक्षांना कान दे. जो गप्प बसला आहे त्याला विचारणारं कुणीतरी दे.

ज्यांचा व्हिसा नाकारला जातो त्यांना विसरू नकोस. पैसे जमवून, बॅग भरून, वकिलातीच्या खिडकीवरून परत आलेले ते पाळक. त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे सभेचं लक्ष जाऊ दे. तिथं कुणी कोट ठेवू नये.

इथिओपियासाठी तुझे आभार मानल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. १९८२ साली तिथल्या सरकारनं मेसेरेते क्रिस्तोस मंडळी बंद केली. इमारती घेतल्या, पुढाऱ्यांना तुरुंगात टाकलं. तेव्हा सभासद होते सुमारे ५ हजार. मग घराघरांत, पाच-सहा जणांच्या गटांत, दार लावून, हळू आवाजात प्रार्थना सुरू झाल्या. पुढारी आत, म्हणून जो बाहेर होता त्यानं शिकवलं. बायकांनी शिकवलं, पोरांनी शिकवलं, शिवणाऱ्यानं आणि शिपायानं शिकवलं. १९९१ मध्ये ती राजवट कोसळली तेव्हा मोजले तर ३४ हजारांच्या आसपास. आज आमच्या साऱ्या घराण्यात ती सगळ्यांत मोठी मंडळी आहे. बापा, खुर्च्याच काढून घेतल्यास तेव्हा सगळेच उभे राहिले. आमच्या खुर्च्या शाबूत आहेत. आम्हाला उभं करायला तू काय करणार आहेस? भीतभीतच विचारते.

तुरुंगाशिवाय करता आलं तर कर. पण कर.

आता पायांचं सांगते. प्रभुभोजनाच्या दिवशी आमच्या मंडळीत पुरुष एकीकडे आणि बायका एकीकडे बसतात, मधे पितळी तसराळी आणि तांब्या, खांद्यावर पंचा. दोघी-दोघींनी एकमेकींचे पाय धुवायचे. मी नर्स आहे, बापा. मी आयुष्यभर दुसऱ्यांची अंगं पुसली, जखमा धुतल्या, कुष्ठाच्या झडलेल्या बोटांवर पट्ट्या बांधल्या. पाय धुणं मला मुळीच जड जात नाही. समोरची बाई रोवणीच्या मजुरीला जाणारी असते, टाचेच्या भेगांत मातीची काळी रेघ बसलेली, जोडव्यांखालची कातडी पांढरी पडलेली. मी ते सगळं चोळून स्वच्छ करते आणि मला बरं वाटतं. मग ती खाली बसते आणि माझा पाय हातात घेते. तिथं मी आखडते. ड्यूटीवर उभं राहून राहून पोटरीच्या शिरा फुगल्या आहेत, करंगळीला कुरूप आहे. तिचा अंगठा त्या कुरुपावरून जातो, थांबतो, पुन्हा फिरतो, आणि ती मान वर करून विचारते, ‘दुखथे का दीदी?’ मला ‘नाही’ म्हणायचं असतं. दुखत असतं.

प्रभू, माझं सगळं दुखणं इथं आहे. मला देता येतं. मला घेता येत नाही. घेतलं की मी लहान होते असं वाटतं. आणि तुझ्या त्या शिष्याला, पेत्राला, हेच वाटलं होतं ना? तूही त्याचे पाय धरून बसलास.

मग मला कळतं की समुद्रापलीकडच्या माझ्या भावंडांचीही हीच अडचण असेल. शंभर वर्षं त्यांनी दिलं. द्यायची सवय झाली. आता त्यांची देवळं ओस पडतात, मुलं येत नाहीत, म्हातारे एकटे राहतात, आणि त्यांना आमच्याकडे मागता येत नाही. काय मागावं? आमच्याकडे पैसा नाही. पण रडणाऱ्याजवळ रात्रभर बसणारी माणसं आहेत. मोठ्यानं प्रार्थना करणाऱ्या आज्या आहेत. त्यांच्या कुठल्याशा गावात एखादी बाई असेल, माझ्याच वयाची, माझ्यासारखीच हट्टी, आयुष्यभर पार्सलं बांधून आमच्यासारख्यांना पाठवणारी. आज तिच्या दाराशी कुणी येत नसेल. बापा, तिला लाज सोडून लिहायला लाव, माझ्यासाठी प्रार्थना कर म्हणून. मी करीन. मराठीत करीन, तिला कळणार नाही, पण करीन.

तिला मागायला शिकव. तिला द्यायला मला शिकव. मग दोघींची अदलाबदल कर.

तू हे करतोस, मी ऐकलं आहे. २०१० च्या जुलैमध्ये जर्मनीतल्या श्टुटगार्टला लूथरन लोकांनी, ज्यांच्या पूर्वजांनी आमच्या पूर्वजांच्या छळाला धर्माचा आधार दिला होता, उघड सभेत क्षमा मागितली. मागणारे संख्येनं कितीतरी मोठे, आणि आम्ही मूठभर. तेव्हा आमचे अध्यक्ष होते झिम्बाब्वेचे डानिसा न्दलोवू. त्यांनी लूथरनांना काय दिलं? पाय धुण्याचं एक लाकडी घंगाळ. युरोपातलं पाचशे वर्षांचं दुखणं, आणि ते धुवायचं भांडं आफ्रिकेच्या माणसाच्या हातून. आणि २०२५ च्या मे महिन्यात झुरिकच्या ग्रोसम्युन्स्टर देवळात सगळे मिळून बसले. ज्या शहरानं मान्झला बुडवलं त्याच शहराच्या मोठ्या देवळात, त्याच नदीच्या काठी. तिथं मला जाता आलं नाही. तू होतास. पुरे आहे.

२००३ सालची बुलावायोची जागतिक सभाही मला आठवू दे. झिम्बाब्वेत तेव्हा पेट्रोल नव्हतं, धान्य नव्हतं, पैशाला किंमत राहिली नव्हती. जावं की न जावं, यजमानांवर भार पडेल, असं कितीजणांना वाटलं. तिथल्या मंडळीनं तरीही हजारोंना बोलावलं आणि जेवू घातलं. दुःखात आणि आनंदात दानांची वाटणी, असा त्या सभेचा विषयच होता. आमच्याजवळ कमी आहे म्हणून येऊ नका, असं ते म्हणाले नाहीत. कमीपणा हा त्यांना दार लावायचं कारण वाटला नाही. ती ऐट मला दे. गरिबाची ऐट, जी पाहुण्याला परत पाठवत नाही.

बापा, २०२८ साली सगळे इथिओपियात जमणार आहेत. ज्यांना बंद केलं होतं त्यांच्या घरी. तिथं आमच्याकडूनही कुणी जाऊ दे. ज्याला इंग्रजी येतं त्यालाच नको पाठवूस दर वेळी. एखाद्या गावच्या पाळकाला पाठव, एखाद्या तरुण पोरीला पाठव. परत आल्यावर तिनं फोटो दाखवावेत, आणि फोटोंपेक्षा जास्त, तिथं तिला कुणी काय मागितलं ते सांगावं.

लढाईतल्या मंडळ्यांना सांभाळ. निर्वासितांच्या छावणीत गाणाऱ्यांना सांभाळ. जिथं तुझं नाव मोठ्यानं घेता येत नाही तिथल्यांना सांभाळ. जिथं ते मोठ्यानं घेता येतं पण कुणी घेत नाही, तिथल्यांनाही.

आमच्या वडीलजनांना एकमेकांसमोर बसव, पाठीला पाठ लावून नको. कोर्टातले कागद मागे घ्यायची बुद्धी दे. ज्याचा कार्यकाळ संपला त्याला हसत उठता येऊ दे. जो नवा बसला त्याला पहिल्या दिवशी चुकायची मुभा असू दे. पोरींना बोलू दे. खेड्यातल्या मंडळीचं पत्र आधी वाचलं जाऊ दे. एकट्यानं ठरवलं की काम लवकर होतं, हे आम्हाला ठाऊक आहे. आम्हाला उशीर सोसायला शिकव.

आणि माझं. येत्या महिन्यात बायकांच्या सभेची निवड आहे, तुला माहीत आहे. माझं नाव निघालं तर मला धीर दे. दुसरीचं निघालं तर त्याहून जास्त धीर दे, आणि सभा संपल्यावर कपबशा विसळायला सगळ्यांत आधी मला उठव. उठताना तोंड पाडू देऊ नकोस. ती रोवणीवाली बाई निवडून आली, आणि तिनं मला काही काम सांगितलं, तर मला ‘हो’ म्हणता येऊ दे; आणि मला तिची गरज पडली तर ते तिला सांगता येऊ दे.

येशूच्या नावानं मागते. आमेन.